हाय खाल्ली म्हणजे नेमके काय झाले?

१. एक जुने वाक्य आणि त्यातून निघालेले प्रश्न

गगनबावड्याच्या पट्ट्यात एखादे माणूस दीर्घ दुखण्याने गेले, म्हणजे उत्तरकार्याला जमलेल्या मंडळींत एक वाक्य हटकून कानी पडते : "दुखणं तेवढं नव्हतं, पण त्यानं हाय खाल्ली." कर्करोगाच्या बाबतीत तर हे वाक्य निदानाच्या कागदाइतकेच ठरलेले आहे, आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे ती माणसे ओळखीच्या डॉक्टरला, गावच्या शिक्षकाला किंवा आमच्यासारख्या लिहिणाऱ्याला बाजूला घेऊन जे विचारतात, तेही याच वाक्यातून निघालेले असते. हाय खाल्ल्यामुळे रोग वाढतो काय? आणि माणूस हातचे जाण्यापूर्वी त्याने हाय खाल्ली आहे हे ओळखता येते काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी असून हे प्रकरण मुख्यतः त्याच्यासाठी लिहिले आहे; पहिल्याचे उत्तर जरा गुंतागुंतीचे असल्यामुळे त्याकडे पुढे सवडीने येऊ.

कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरांवर, जेथे देश संपतो आणि करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात, तेथे हा लहानसा तालुका सह्याद्रीच्या माथ्याला बिलगून बसला आहे. येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, पाऊस पडतो आणि गगनगड दिवसचे दिवस धुक्यात नाहीसा होतो. कर्करोगाच्या विशेष उपचारांसाठी येथल्या माणसाला कोल्हापूर गाठावे लागते. दुखणे अवघड असले तर परळचे टाटा स्मारक रुग्णालय, जे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि ज्याच्या नावानेच आपल्याकडे 'टाटाला नेलं' असा वाक्प्रचार रूढ झाला. म्हणजे रुग्णाचा देह तपासणारे डॉक्टर शहरात, आणि त्याच्या मनाची रात्र सरते ती येथे, कौलांवर पाऊस वाजत असताना, घरच्या माणसांच्या देखत. मनाचे दुखणे ओळखण्याचा पहिला अधिकार, आणि म्हणून पहिली जबाबदारीही, या घरच्या माणसांकडे येते.

या भूमीला दुःखाची दखल घेण्याचा एक जुना संस्कार आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. बावड्याची जहागीर ज्यांच्या घराण्याकडे होती त्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कोठून व कसे आणावे याची तजवीज सांगितली आहे. त्या प्रसंगी आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ जतन केलेली असतात आणि ती तुटल्यावर तिला जे दुःख होईल त्याला सीमा राहणार नाही, अशा आशयाची ताकीद ते देतात. दौलतीच्या कारभाराच्या दस्तऐवजात, किल्ले, आरमार आणि खजिना यांच्या रांगेत, माणसाचे दुःख ही हिशेबात धरावयाची बाब म्हणून नोंदली गेली. रुग्णालयाच्या केसपेपरवर ताप, नाडी, रक्तदाब यांची नोंद होते. त्याच रांगेत दुःखाची नोंद व्हावी असे वैद्यकशास्त्राला वाटू लागले ते मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

२. खाचरातले पाणी

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कर्करोगाचे निदान ऐकून माणूस रडला, दोन रात्री झोपला नाही, जेवणाच्या ताटावरून उठून गेला, तर तो मनाने आजारी पडला असे समजण्याचे कारण नाही. भाताच्या खाचरात पाणी उभे असते. ते उभे राहावे म्हणूनच बांध घातलेला असतो, आणि पाण्याविना रोप जगत नाही. चिंतेची वेळ येते ती पाणी बांधावरून वाहू लागते, बांध खचतो आणि लावलेले रोप मातीसकट खाली जाते तेव्हा. दुःखाचेही तसेच आहे. पहिले आठ-पंधरा दिवस सुन्नपणाचे, अविश्वासाचे, 'माझ्याच वाट्याला का' अशा प्रश्नाचे जातात. मग बहुतेक माणसे हळूहळू पूर्वीच्या गोष्टी विचारू लागतात. म्हैस किती देते, ऊसतोडीची टोळी आली का, धाकट्याची फी भरली का. हे प्रश्न परत येणे म्हणजे बांध शाबूत असल्याची खूण होय.

सर्वांचा बांध टिकत नाही, हेही तितकेच खरे. निरनिराळ्या देशांत रुग्णांना प्रत्यक्ष मुलाखतीत विचारून जी पाहणी झाली, तिचा एकत्रित हिशेब २०११ साली मांडला गेला. त्यावरून रुग्णालयात उपचार घेणाऱ्या दर शंभर कर्करुग्णांपैकी तीस ते चाळीस जणांना नैराश्य, चिंताविकार किंवा परिस्थितीशी जुळवून घेता न येणे यांपैकी काही ना काही ओळखण्याजोगा त्रास असतो, आणि सोळांच्या आसपास लोकांना निदान करण्याजोगे नैराश्य असते. या आकड्यांतील दुसरी बाजूही वाचकाने पाहावी : निम्म्याहून अधिक माणसे एवढ्या मोठ्या आघातानंतरही आपल्या पायांवर उभी राहतात, आणि त्यांना मनोविकाराचे औषध देण्याची काही गरज नसते.

बांध केव्हा खचतो, याचेही काही ठरावीक काळ आहेत. निदानाचा काळ कोणालाही सुचेल. रोग उलटल्याची वार्ता येते तो काळही. परंतु एक काळ असा आहे की ज्याची घरच्यांना मुळीच कल्पना नसते, तो म्हणजे उपचार संपण्याचा. शेवटचे केमोचे सलाईन झाले, घरात पेढे आले, पाहुणे येऊन 'सुटला बाबा एकदाचा' म्हणून गेले, आणि नेमका त्याच आठवड्यात रुग्ण अबोल झाला, असे वारंवार घडते. महिनोन्महिने कोणीतरी आपल्याला तपासते आहे, रोगाशी काहीतरी चालले आहे, या आधारावर तो उभा होता. तो आधार एकाएकी निघून जातो आणि 'आता परत आला तर?' हा प्रश्न मोकळ्या वेळात येऊन बसतो. घरच्यांनी या वेळी 'आता कसली काळजी?' असे म्हणून त्याला गप्प करू नये, एवढे जरी साधले तरी पुष्कळ साधले.

३. शब्दाची लाज

न्यू यॉर्क येथील स्लोन-केटरिंग कर्करोग रुग्णालयात १९७७ साली डॉ. जिमी हॉलंड या विदुषींनी मनोविकार विभाग उभा केला, आणि कर्करुग्णांच्या मनाचा अभ्यास ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता पावली. पुढे अमेरिकेतील प्रमुख कर्करोग केंद्रांनी १९९७ मध्ये जी समिती नेमली तिच्या त्या अध्यक्ष होत्या. या समितीपुढे पहिला प्रश्न औषधांचा नव्हताच, तो शब्दाचा होता. 'मनोविकार' म्हटले की रुग्ण दचकतो, 'मी काय वेडा आहे?' असे विचारतो आणि खरे सांगत नाही. डॉक्टरही तो शब्द उच्चारण्यास संकोचतो. म्हणून त्यांनी सौम्य, रोजच्या बोलीतला, लाज न वाटणारा शब्द निवडला, ज्याला मराठीत मी 'उलघाल' म्हणेन. किंचित बेचैनीपासून जगणे नकोसे होईपर्यंतची सारी चढण या एकाच शब्दात बसते.

आपल्याकडे ही अडचण कमी नाही, उलट अधिक आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे 'येड्याच्या डॉक्टरकडं' जाणे. पण आपल्या बोलीत या कामासाठी शब्दांची वाण नाही : जिवाला घोर लागणे, धसका घेणे, काळीज वर-खाली होणे, जीव रमत नाही असे वाटणे, हाय खाणे. विचारणाऱ्याने हेच शब्द वापरावेत. "तुम्हाला नैराश्य आहे काय?" या प्रश्नाला गगनबावड्याचा शेतकरी "छ्या, तसलं काय न्हाई" म्हणेल, "जीव कशात रमतोय का?" असे विचारले, तर तो क्षणभर थांबेल. त्या थांबण्यातच उत्तर असते.

४. शिडीवरचे बोट

त्या समितीने सुचविलेले साधन फार साधे आहे. कागदावर उभी शिडी किंवा तापमापकासारखी आकृती काढावयाची, खाली शून्य आणि वर दहा. शून्य म्हणजे उलघाल मुळीच नाही, दहा म्हणजे याहून अधिक कल्पवत नाही. आणि रुग्णाला विचारावयाचे की आजचा धरून गेल्या आठवड्यात तुमचा जीव कोठे होता, तेथे बोट ठेवा. आकडा चार किंवा त्याहून वर गेला तर पुढची विचारपूस करावयाची. शेजारी अडचणींची यादी असते : पैसा, प्रवास, घरातली माणसे, मुले, भीती, देवाधर्माविषयी मनात आलेली अढी, झोप, वेदना, जेवण. रुग्णाने ज्या लागू असतील त्यांवर खूण करावी. तापमापक ताप कशाचा आहे हे सांगत नाही, फक्त आहे एवढेच सांगतो; यादी पुढचे सांगते.

एक कल्पित उदाहरण घेऊ, ज्यातील तपशील मात्र या भागात नित्य पाहावयास मिळतात. असळजच्या पुढे आत शिरल्यावर लागणाऱ्या एका वाडीतले चोपन्न वर्षांचे तात्या. तीस वर्षांची तंबाखू. डाव्या गालात गाठ. शस्त्रक्रिया झालेली आणि आता किरणोपचार चालू. गावची आशाताई भर पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो शिडीचा कागद घेऊन आली आहे. तात्यांना स्पष्ट बोलता येत नाही, लाळ ओघळते म्हणून तोंडावर पंचा धरलेला. तंबाखू सुटून चार महिने झाले, तरी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा डाव्या रिकाम्या तळहातावर मळतच असतो. "तात्या, कसं हाय?" असे विचारल्यावर त्यांनी मान हलवून 'बरं हाय' असे दाखविले. आशाताईने कागद पुढे केला. अंगठा थांबला, तर्जनी शिडीवरून हळूहळू वर गेली आणि सातावर टेकली.

सात म्हणजे काय? घरच्यांचा समज, मरणाची भीती. यादीवर मात्र तात्यांनी भीतीपुढे खूण केलीच नाही. केली ती प्रवास, पैसा आणि जेवण यांपुढे. हिशेब करून पाहा. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, म्हणजे तीस खेपा. जाऊन-येऊन ११० किलोमीटर. एकूण ३३०० किलोमीटर, एस.टी.च्या बाकावर, भाजलेल्या गालाला खिडकीचा वारा झोंबत असताना, आणि सोबत येणाऱ्या मुलाची तीस दिवसांची मजुरी बुडवून. तात्यांचा जीव तेथे अडकला होता. कोल्हापुरात मावसभावाकडे सोमवार ते शुक्रवार राहण्याची सोय झाली, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद पुरे झाले, एस.टी.च्या भाड्यात कर्करुग्णाला सवलत असते हे कोणी सांगितलेच नव्हते, ते समजले. भाकरीचा हट्ट सोडून नाचणीची पातळ पेज आणि मऊ भात सुरू झाला. पंधरा दिवसांनी तर्जनी चारावर आली. कोणी त्यांना धीराचे भाषण दिले नव्हते, की गोळी दिली नव्हती.

पण चाराखाली ती येईना. उरलेला भाग वेगळाच होता, आणि तो त्यांनी मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखविला : माझ्या तंबाखूने पोरांचे वाटोळे केले. हा अपराधभाव तोंडाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगात फार खोल रुतलेला असतो, आणि मशेरी लावणाऱ्या बायकांतही तो दिसतो. 'जाऊ द्या हो, होतं असं' या वाक्याने तो जात नाही. तो ऐकून घ्यावा लागतो, एकदा नव्हे, अनेकदा. आणि ऐकणाऱ्याने सोयरसुतक असल्यासारखा चेहरा न करता ऐकावा लागतो. तात्यांची बाजू पुरी ऐकल्यावर मग हे सांगता येते की व्यसन धरले तेव्हा ते बावीस-चोवीस वर्षांचे होते, पुडी पानपट्टीवर उघड मिळत होती, आणि ज्या दिवशी गाठ कळली त्या दिवसापासून त्यांनी ती हातात धरलेली नाही.

५. देहाचे सोंग, मनाचे सोंग

येथवरचे सोपे होते. अवघड भाग असा की कर्करोगात देह आणि मन एकमेकांचे कपडे घालून येतात. भूक नाही, झोप नाही, वजन उतरले, अंगात त्राण नाही : ही नैराश्याचीही लक्षणे आहेत आणि केमोचीही. मग निवाडा कसा करावा? जाणकार अशा वेळी देहाची लक्षणे जरा बाजूस ठेवून दोन गोष्टी विचारतात. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, पडलेले असते का? आणि पूर्वी ज्यात गोडी होती त्यातली गोडी गेली आहे का? केमोने थकलेला मनुष्यही नातू आला की उशीवरून मान उचलून पाहतो, अंगात बळ नसले तरी ओढ असते; हाय खाल्लेल्या माणसाची ओढच आटलेली असते, त्याला नातू आला काय आणि गेला काय, सारखेच. त्यात 'माझा कोणाला उपयोग नाही', 'मी घराला भार आहे' हे बोल ऐकू येऊ लागले, की वाट पाहत बसू नये.

काही वेळा मनाचे वाटणारे दुखणे सर्वस्वी देहाचे असते. उलट्या थांबविण्यासाठी डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड औषधे देतात. त्यांनी झोप उडते आणि माणूस चिडखोर होतो. मानेवर किरणोपचार झालेल्यांपैकी काहींची थायरॉईड ग्रंथी काही महिन्यांनी मंदावते आणि असा मनुष्य सुस्त, उदास दिसू लागतो. रक्ताच्या एका साध्या तपासणीने ते कळते. न शमलेली वेदना तर कोणाचाही धीर खाते. वेदनेवर इलाज न करता मनावर इलाज करू पाहणे म्हणजे पायात काटा तसाच ठेवून लंगडण्यावर लेप लावणे होय.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कालपर्यंत शुद्धीत बोलणारा रुग्ण आज एकाएकी भलतेच बोलू लागला, माणसे ओळखेना, रात्री अधिक बिघडून सकाळी जरा बरा झाला, किंवा कधी नुसता गुंगीत पडून राहिला, तर त्याला वैद्यकात संभ्रमावस्था म्हणतात. तिच्या मुळाशी जंतुसंसर्ग, रक्तातील क्षारांचा बिघाड, वाढलेले कॅल्शियम, तुंबलेली लघवी किंवा एखादे औषध असते. आपल्याकडे यालाच 'बाहेरचं काहीतरी' समजून अंगारा लावला जातो, देवऋषी बोलावला जातो, आणि दोन मोलाचे दिवस जातात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

६. "त्यांना सांगू नका"

आमच्या भागात हाय खाण्याच्या भीतीनेच एक मोठी हाय निर्माण केली जाते. मुलगा डॉक्टरांच्या खोलीत मागे राहतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "साहेब, आईला कॅन्सर म्हणून सांगू नका, ती हाय खाईल." हेतू निर्मळ असतो, त्याविषयी शंका घेऊ नये. परंतु पुढे काय होते? आईला 'साधी गाठ' असल्याचे सांगितले जाते, तिला ज्या इमारतीत नेतात तिच्या पाटीवर कॅन्सर हा शब्द असतो, बाकावर शेजारी बसलेली बाई तिला मोकळेपणाने विचारते, "तुमचा कुठला?" आईला समजते. पण मुलगा लपवितो आहे हेही तिला समजते, म्हणून तीही त्याच्यासाठी न समजल्याचे सोंग घेते. एकाच घरात, एकाच चुलीपुढे, दोन माणसे एकमेकांना दुःख होऊ नये म्हणून एकमेकांपासून दूर होत जातात. जमिनीची वाटणी, धाकटीचे लग्न, कोणाचे देणे, कोणाची क्षमा, हे सारे बोलावयाचे राहून जाते.

याचा अर्थ सर्वांना सर्व काही तोंडावर सांगून टाकावे असाही नाही. सांगण्याची पद्धत एका प्रश्नापासून सुरू होते : "मावशी, तुम्हाला काय वाटतंय, हे कशाचं दुखणं असंल?" बहुधा उत्तर येते, "तेच असंल की." मग दुसरा प्रश्न : "तुम्हाला सगळं कळायला पाहिजे, का थोरल्याला सांगू?" काही माणसे खरोखरच थोरल्याला सांगा म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. जी ऐकू इच्छितात त्यांना घोटाघोटाने सांगावे, मध्ये थांबावे, डोळ्यांत पाणी आले तर ते येऊ द्यावे आणि पुढचे त्या दिवशी सांगण्याची घाई करू नये.

७. इलाज

आता तो पहिला प्रश्न. हाय खाल्ल्यामुळे रोग वाढतो, आणि मन घट्ट ठेवले तर रोग हटतो, असे म्हणता येते काय? १९८९ साली अमेरिकेत स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रियांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला, ज्यात दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळे करणाऱ्या स्त्रिया अधिक काळ जगल्याचे दिसले, आणि जगभर मोठी आशा निर्माण झाली. पुढे कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे झाला. त्याचा निष्कर्ष २००१ मध्ये आला तो असा की आयुष्य वाढले नाही, पण मनाची उलघाल आणि वेदना मात्र कमी झाली. म्हणून जिमी हॉलंड 'नेहमी प्रसन्न राहा' या आग्रहाला रुग्णावरचा जुलूमच समजत. ज्याला रडू येते आहे त्याला 'रडलास तर रोग वाढेल' असे सांगणे म्हणजे त्याच्या दुखण्यावर अपराधाचे आणखी एक ओझे ठेवणे. हाय खाल्लेला मनुष्य मात्र औषधे चुकवितो, तपासणीला जात नाही, जेवत नाही. या आडवाटेने हानी होते, आणि ती टाळता येते. तेव्हा उलघालीवर इलाज करावयाचा तो रोग हटावा म्हणून नव्हे. उलघाल हेच एक दुखणे आहे, आणि ते बरे होते, हे कारण पुरेसे आहे.

इलाज करणारा मनुष्य नेहमी मोठा तज्ज्ञच असावा लागतो असे नाही, हे सिद्ध झाले तेही आपल्या शेजारी, गोव्यात. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ लोकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काही आठवडे शिकविलेल्या सामान्य समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातील शंभरी ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते, केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत ३९. हे रुग्ण कर्करोगाचे नव्हते, पण पद्धत येथेही उपयोगी आहे. ती अशी : मनाला बरे वाटेल मग काम करीन, अशी वाट न पाहता, लहानसे काम आधी ठरवावयाचे आणि मन मागून यावयाचे. सकाळी उंबऱ्यात येऊन दहा मिनिटे उन्हात बसणे. कोंबड्यांना दाणे टाकणे. एकादशीच्या भजनात मागे बसून टाळ धरणे. काम इतके लहान असावे की ते फसणार नाही.

गोळ्यांविषयी अकारण भीती आहे. नैराश्यावरची औषधे नशेची नव्हेत. त्यांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नयेत, आणि मनानेच एकदम बंदही करू नयेत. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीने मात्र ते नाव डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन यांसारखी काही औषधे टॅमॉक्सिफेनचा प्रभाव कमी करतात. इतर औषधे उपलब्ध असतात. वेदना व इतर त्रास शमविणारी परिहार सेवाही शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकेत फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या २०१० सालच्या अभ्यासात ज्यांना ती आरंभापासून मिळाली त्यांच्यात नैराश्याची लक्षणे निम्म्याहून कमी आढळली.

मुंबईला जावे लागलेल्यांसाठी एक शब्द. परक्या शहराची धास्तीही उलघालीचा मोठा वाटा उचलते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आहे, जेथे दूरदूरचे कर्करुग्ण आणि त्यांची माणसे अल्प मोबदल्यात राहतात; तेथे एकच दुखणे असलेली माणसे एकमेकांना जे सांगतात, ते पुष्कळदा कोणत्याही सल्ल्याहून अधिक धीराचे असते.

आता ते विचारणे, ज्याला सारेच कचरतात. 'जगून काय उपयोग' असे रुग्णाच्या तोंडून निघाले, तर विषय बदलू नये. सरळ विचारावे : "जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे, उलट, कोणीतरी विचारले याने मनुष्य हलका होतो. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे ठेवू नये, उसावर मारावयाचे औषध घरातून हलवावे, गोळ्यांची पाकिटे आपल्याजवळ ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठीतही उपलब्ध आहे; घाट बंद असला आणि वाहन मिळत नसले तरी हा क्रमांक लागतो.

८. काकी

किरणोपचार संपून तात्या घरी परतल्यावर आशाताई तिसऱ्यांदा त्यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांच्या पत्नी, काकी, चुलीपुढे पेज ढवळीत होत्या. आजारी मनुष्याच्या शेजारी जे माणूस रात्र-रात्र जागते, त्याची उलघाल पुष्कळदा रुग्णाइतकी, केव्हा केव्हा त्याहूनही अधिक असते, आणि तिचा केसपेपर कोठेच निघत नाही. म्हणून आशाताईने या वेळी कागद त्यांच्यापुढे धरला. "मला काय धाड भरलीया?" असे म्हणून काकींनी तो परत सारला. "तरी बी, काकी. तुमचं कुठं येतंय तेवढं दावा." काकींनी पदराने हात पुसले, जाळाच्या उजेडात कागद धरला आणि राखेने माखलेले बोट नऊवर ठेवले.

गेल्या पाच आठवड्यांत काकी एकदाही सलग झोपल्या नव्हत्या. पाठीत उसण भरली होती आणि रक्तदाबाची गोळी पंधरा दिवसांपूर्वी संपली होती, ती कोणाला सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी ठरले ते एवढेच : गोळी उद्या आरोग्य केंद्रातून आणावयाची; मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नणंद येऊन तात्यांच्या उशाशी बसेल; आणि त्या दोन रात्री काकी शेजारच्या घरात, दार लावून, झोपतील. कागदावरच्या राखेच्या ठशाशेजारी आशाताईने पेनने तारीख घातली आणि तो पुन्हा पिशवीत ठेवला.